चौसष्टचं दार

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टमध्ये मी एक पाटी लावली. छान टाइप करून, चौकट वगैरे टाकून. ‘ही लिफ्ट आजपासून आवाजावर चालते. बटण दाबू नये. मजला मोठ्याने व स्पष्ट सांगावा.’

साडेनऊ ते पावणेअकरा अख्खी बिल्डिंग ओरडत होती. दुसऱ्या मजल्यावरचे वकील आधी “दोन!” म्हणाले, मग “दुसरा!”, मग अगदी काकुळतीला येऊन “अहो, दुसरा मजला, प्लीज!” आमच्या ऑफिसातले तांबडं पेन (सगळ्यांचं काम तांबड्या पेनने तपासणारे सर) आत शिरले, चारदा “चौथा” म्हणाले, आणि लिफ्टला बोलीभाषा कळत नसावी असं वाटून शेवटी “च-तु-र्थ” म्हणाले. मी जिन्यात बसून तोंडात रुमाल कोंबला होता.

संध्याकाळी बाबा घरी आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. तक्रारीचा फोन त्यांनाच गेला होता.

“ब्यादे, पाटी तुझी ना?”

“कशावरून?”

“‘स्पष्ट’ मधला ष चुकलाय.”

आई स्वयंपाकघरातून इतकी हसली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. ताई मात्र हसली नाही. ताई हल्ली हसत नाही.

असल्या गोष्टी कुठेतरी लिहून ठेवायला हव्यात म्हणून ही डायरी. टाइल्सच्या एका कंपनीने ऑफिसला बारा डायऱ्या फुकट पाठवल्या. प्रत्येक पानावर एका टाइलचा फोटो आणि खाली सुविचार. आर्किटेक्ट लोकांनी नाकं मुरडली, मी दोन उचलल्या. आजचा सुविचार : ‘पाया भक्कम तर कळस निश्चित.’ शेजारी संडासाच्या टाइलचा फोटो आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं ऑफिस आर्किटेक्टांचं आहे. मी आर्किटेक्ट नाही. बारावीचं आणि माझं दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा मी तिला विचारलंच नाही. मी नकाशे छापते, स्कॅन करते, गुंडाळ्या करते. सात महिने झाले. छपाईचं मशीन ऑफिसात फक्त माझं ऐकतं, कारण मी त्याला शिव्या देते. बाकीचे विनंती करतात.

मोठ्या बाईंचं पुढच्या महिन्यात कुठल्याशा संमेलनात भाषण आहे. मोठ्या बाई म्हणजे मालकीणबाई. साठीच्या असतील. चपला टेबलाखाली काढून दिवसभर अनवाणी फिरतात, त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नाही. माझ्यासारखीला हा फार मोठा धोका. भाषणाचे कागद मी छापले, म्हणून वाचले. विषय : ‘आपल्या व्यवसायात कुशल माणसं का मिळत नाहीत?’ कामं ढिगानं आहेत, खुर्च्या पाच रिकाम्या आहेत, सात महिन्यांत बेचाळीस आर्किटेक्ट तपासले आणि त्यातले दोन पास झाले. दोनातला एक महिन्याभरात पळाला. राहिला तो गॉगल.

गॉगल चित्रं झकास काढतो. ढग, पक्षी, उन्हाची तिरीप. परवा त्याने एका शाळेचं चित्र केलं. तांबडं पेननी पट्टी लावून पाहिलं तर पहिलीची मुलं दारापेक्षा उंच.

“अरे, मोजलंस का?”

“सर, फील बघा ना.”

तांबडं पेन कपाळाला हात लावून म्हणाले, “हल्ली मोजणारा माणूसच जन्माला येत नाही.”

तपासणीचा पेपर तांबडं पेननी स्वतः काढलेला आहे, त्याचा त्यांना फार अभिमान. एका रिकाम्या जिनाखोलीचा नकाशा. मापं मुद्दाम लिहिलेली नाहीत. पट्टीने मोजायचं, कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे खरा एक मीटर, आणि त्या खोलीत तीन मीटर चढणारा जिना बसवून दाखवायचा. तासभर वेळ. “जिना सांगतो माणूस कसा आहे,” असं ते म्हणतात. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आर्किटेक्टांना जिना जमत नाही यावरच तर आपलं घर चालतं.”

हा पेपर खरं तर मोठ्या कागदाचा. ए-थ्री म्हणतात त्याला. पण मशीनचा मोठ्या कागदाचा ट्रे अडकतो, आणि अडकला की जमिनीवर पालथं झोपून आत हात घालावा लागतो, कोपरापर्यंत काळं व्हावं लागतं. यावर मी पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला. ‘फिट टू पेज’वर टिचकी मारायची. मशीन विचारतं, ७१ टक्के? मी म्हणते, हो रे बाबा. की सगळं छोट्या कागदावर गोंडस बसतं. साइटवर जाणारे नकाशे मी असे काढत नाही, तेवढी अक्कल आहे. पण हा आपला परीक्षेचा कागद, एकदा वापरून खोक्यात टाकायचा. कागद वाचतो, शाई वाचते, माझं कोपर वाचतं. पर्यावरण म्हणतात ते हेच.

असो. मुद्दा असा की सोमवारी हा पेपर द्यायला ताई येणार आहे.

ताई खरी आर्किटेक्ट. पाच वर्षं शिकली, एका ऑफिसात दोन वर्षं होती, ते ऑफिस बंद पडलं. त्याला चौदा महिने झाले. जाहिराती येतात त्या अशा : ‘नवोदित हवेत, अनुभव किमान पाच वर्षे.’ मी म्हटलं, पाच वर्षांचा नवोदित म्हणजे काय गं, वापरलेली कोरी वही? त्यावरही ती हसली नाही.

तिची अट एकच. आपण बहिणी आहोत हे ऑफिसात कुणाला कळता कामा नये. वशिला नको. मी म्हटलं, माझा वशिला लावलास तर आत घेणार असतील तेही घेणार नाहीत.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई आली. निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले, चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा.

“नमस्कार,” ती मला म्हणाली.

“नमस्कार मॅडम. बसा. पाणी आणू? की घरून पिऊन आलात?”

तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. टाचेची चप्पल होती.

काचेच्या खोलीत तिला बसवलं. पेपर मीच नेऊन ठेवला, कडक, नुकता मशीनमधून निघालेला. बाहेरून मी बघत होते. तिने मोजलं. पुन्हा मोजलं. पिशवीतून दुसरी पट्टी काढली, तिने मोजलं. मग कागद उचलून त्याचा कोपरा बघितला, कागद उलटा करून बघितला, आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. चांगलं पाच-दहा सेकंद. मी जीभ काढून दाखवली, धीर यावा म्हणून. तिने मान खाली घातली आणि लिहायला लागली.

रात्री जेवताना विचारलं, “कसा गेला?”

“ठीक.”

“जिना बसला?”

“ते पेपर तूच छापतेस ना?” तिने विचारलं.

“मग! ऑफिसात दुसरं कुणाला येतंय? मोठ्या बाई परवा म्हणाल्या, ही आल्यापासून मशीन बंद पडलं नाही. अख्ख्या ऑफिससमोर म्हणाल्या!”

आई म्हणाली, “बघा, आमच्या ब्यादेचं पण कुणीतरी कौतुक करतं.”

ताईने माझ्याकडे बघितलं, मग भाताकडे. “चांगलं आहे,” म्हणाली. आणि पानावरून उठली. जळते की काय माझ्यावर? मला पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं म्हणतंय, तर एवढं तोंड पाडायचं काय कारण?

११ फेब्रुवारी, बुधवार

ताई नापास. तपासलेल्यांची गोळाबेरीज झाली त्रेचाळीस.

तांबडं पेन पेपर हातात धरून ऑफिसभर फिरले. “हे बघा! हिला जिना येत नाही, भाषण येतं!” गॉगल खो खो हसला. मीही हसले. हसले नसते तर संशय आला असता. असं मी स्वतःला सांगितलंय.

पेपर खोक्यात टाकायला माझ्याकडेच आला, तेव्हा वाचला. खोलीत तिने जिना काढायला घेतला होता, मग त्यावर काट मारली होती आणि खाली तिच्या त्या सुबक अक्षरात : ‘दाराची रुंदी पट्टीने ६४ सेंटिमीटर येते. असं दार कुणी करत नाही. नकाशाचं माप तपासून घ्यावं. या मापात जिना बसवला तर तो इतका उभा होईल की लोक पडतील.’ त्याखाली तांबड्या पेनने : ‘उत्तर द्या, उपदेश नको!!’

मला खरं तर लाजच वाटली. नाचता येईना, अंगण वाकडं. घरी गेल्यावर म्हटलंसुद्धा तसं. ताई चिडली नाही. उलट म्हणाली, “बरोबर आहे तुझं.” तिने असं म्हणणं म्हणजे ताप असल्याचं लक्षण.

मग जेवणानंतर तिने सांगितलं की तिला नोकरी मिळते आहे. तयार स्वयंपाकघरं विकणाऱ्या दुकानात. गिऱ्हाइकांना कपाटं दाखवायची. पगार बरा, पण तीन वर्षांचा करार, मध्ये सोडता येत नाही. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी बारा वाजता सही.

बाबा म्हणाले, “पाच वर्षं शिकलीस ती कपाटं दाखवायला?”

“बाबा, तीन वर्षांनी परत बघू.”

“तीन वर्षांनी कोण बघतंय? आज बघत नाहीत.”

आई बाबांना म्हणाली, “पुरे.” मग सगळे गप्प. मला सहन होत नाही असं गप्प. मी मिठाच्या बरणीत साखर भरली, पण मजा आली नाही. परत मीठ भरून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज मी एक भानगड केली आणि तिच्यातून दुसरी निघाली.

ताईला हसवायचं होतं. ती बाहेर गेली होती. मी तिच्या खोलीच्या दाराला दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावले, चिकटपट्टीने पक्के, आणि टेप धरून मधली फट बरोब्बर चौसष्ट सेंटिमीटरची ठेवली. वर पाटी : ‘चौसष्टचं दार. सडपातळांनाच प्रवेश.’ आता ती येईल, वैतागेल, मग हसेल.

पण आधी आले बाबा, खांद्याला अवजारांची पिशवी. ताईच्या खोलीतला पंखा बघायचा होता त्यांना. घुसले आणि अडकले. पुठ्ठा एकीकडे, पिशवी दुसरीकडे, बाबा मध्ये.

“हे काय आहे?”

“दार.”

“हे दार? यातून माणूस जाईल का? की पत्रं टाकायची यातून?”

“परीक्षेत असतंच की चौसष्टचं.”

“कुठल्या परीक्षेत? चाळीस वर्षं दारं बघतोय मी. लिफ्टच्या खोलीचं दार असो की जिन्याचं, नव्वद. जास्त असेल, कमी नाही. चौसष्ट कशाला करेल कुणी? आजारी माणसाला बाहेर कसं काढणार? उभा करून?”

मी हसले. बाबा पुठ्ठा फाडून आत गेले. मी तिथेच फाटका पुठ्ठा हातात घेऊन उभी, आणि डोक्यात तो आकडा. नव्वदचं चौसष्ट. नव्वदचं चौसष्ट कधी होतं?

गणितात मी ढ आहे. पण एक आकडा मी रोज बघते. मोबाइल काढला आणि नव्वद गुणिले एकाहत्तर टक्के केलं.

त्रेसष्ट पूर्णांक नऊ.

मी परत केलं. परत तेच. मोबाइल बंद करून चालू केला. परत तेच.

ताई आली तेव्हा दाराला पुठ्ठ्याची एक पट्टी लोंबत होती, त्यावर ‘सडपातळांनाच’ एवढंच उरलं होतं. तिने वाचलं, आणि हसली. इतक्या महिन्यांनी. मला रडायलाच आलं. ती म्हणाली, “अगं, हसले ना मी? मग?”

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुविचार : ‘चूक ही यशाची पायरी.’ कंपनीला माझं नाव कुणी सांगितलं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर खोकं उघडलं. त्रेचाळीस पेपर, सगळे छोट्या कागदावर. सगळे माझ्या कृपेने.

एकेक बघितला. आता मला कळतंय कुठे बघायचं ते. ज्यांनी पट्टी लावली त्यांची फजिती झाली. कुणाचा जिना शिडीसारखा उभा, कुणाला वळायला जागा नाही, कुणी खोडून खोडून कागद फाडलाय. सगळ्यांवर तांबडी काट. आणि जे दोघं पास झाले, त्यांनी पट्टी लावलीच नव्हती. डोळ्यांनी बघून, नेहमी असतो तसा वीस पायऱ्यांचा जिना ठोकून दिला होता. तांबडं पेन पायऱ्या मोजतात, वीस भरल्या की बरोबर.

म्हणजे मी सात महिने अशी चाळणी चालवली की मोजणारे सगळे बाहेर आणि न मोजणारा गॉगल आत. आणि वरून मोठ्या बाई आणि तांबडं पेन रोज रडतात की मोजणारी माणसं मिळत नाहीत!

हे इतकं भारी आहे की दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी लोळून हसले असते.

आता काय करायचं? एक : गप्प बसायचं आणि यापुढे पालथं झोपून मोठ्या कागदावर छापायचं. कुणाला कधीच कळणार नाही. दोन : सांगायचं, आणि जायचं घरी. मला ही नोकरी आवडते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी मशीन गरम होतं तेव्हाचा वास आवडतो. तीन : आधी ताईला सांगायचं. यापेक्षा ट्रेमध्ये हात घालून मशीन चालू केलेलं बरं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल सांगणार होते. तांबडं पेनच्या टेबलापाशी गेलेसुद्धा. ते म्हणाले, “काय हवंय?” मी म्हटलं, “स्टेपलर.” आज परत गेले. आता माझ्याकडे तीन स्टेपलर आहेत.

घरी ताई नव्या दुकानाचं माहितीपत्रक पाठ करत होती. ‘आमची कपाटं आवाज न करता बंद होतात.’ तशीच तीही झाली आहे.

सरळ सांगणं मला जमत नाही. मला एकच गोष्ट जमते. तर मग तीच करू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी लवकर गेले. पेपरमधला नकाशा उघडला, आरशात दिसतो तसा उलटा केला, उभ्याचा आडवा केला, ‘परीक्षा’ वगैरे अक्षरं पुसली, वर लिहिलं : ‘अर्जंट. गिऱ्हाईक थांबलंय. दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. तीन मीटर चढणारा जिना बसवून द्या.’ फिट टू पेज. ७१ टक्के? हो रे बाबा, शेवटचं.

दोन प्रती काढल्या. एक गॉगलला दिली. सहा मिनिटांत आणून दिली त्याने, वीस पायऱ्या, कोपऱ्यात एक कुंडी पण काढली होती. पट्टी त्याच्या खणात होती, खणाला कुलूप होतं.

दुसरी तांबडं पेनच्या टेबलावर ठेवली. ते पट्टी घेऊन बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. त्यांनी चष्मा पुसला. पट्टी पुसली. पायऱ्या काढल्या, खोडल्या. पाऊण तासाने टेबलावर हात आपटला.

“कोणत्या गाढवाने दिलाय हा नकाशा?”

सगळे थांबले.

“जिना बसतच नाही यात! आणि दार बघा! चौसष्ट सेंटिमीटर! चौसष्टचं दार कुणी करतं का? सांगा त्या गिऱ्हाइकाला, आधी माप तपास म्हणावं!”

मी खोक्यातला ताईचा पेपर नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. “सर, हेच कुणीतरी आधी लिहिलंय. तुम्ही त्याला उपदेश म्हणालात.”

त्यांनी वाचलं. मग स्वतःच्याच तांबड्या अक्षरांकडे बघितलं. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, एक फिरवला, उजेडाकडे उलटा धरला. त्यांच्या तोंडचा रंग पेनकडून कागदाकडे गेला.

“हा... हा माझा पेपर आहे.”

“हो सर.”

“पण माझ्या पेपरात दार नव्वदचं आहे!”

“मोठ्या कागदावर नव्वदचं. मी छोट्यावर छापते. एकाहत्तर टक्के. पहिल्या आठवड्यापासून. ट्रे अडकतो म्हणून.” आणि मग न थांबता, “सगळे त्रेचाळीस, सर. पट्टी लावली ते नापास झाले आणि नाही लावली ते पास झाले.”

गॉगल म्हणाला, “एक मिनिट, म्हणजे मी...?” बिचारा.

“म्हणजे तू सात महिने...” तांबडं पेन माझ्यावर पेन रोखून म्हणाले. “तुला आजच्या आज...”

“थांबा,” मागून आवाज आला. मोठ्या बाई. अनवाणी. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. “खोकं कुठे आहे?”

मी खोकं आणलं. त्या चक्क जमिनीवर बसल्या, मांडी घालून, आणि एकेक पेपर काढून बघायला लागल्या. तासभर तरी गेला असेल. त्यांनी सहा पेपर वेगळे काढले. त्या सहांत कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं : ‘दार लहान वाटतं.’ ‘प्रमाण बरोबर आहे का?’ एकाने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि ताई.

“सहा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पाच खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सहा माणसं या खोक्यात होती. आणि मी सगळीकडे भाषणं देत फिरतेय.” मग तांबडं पेनकडे बघून, “तिने छापलं, ठीक आहे. पण तपासले कुणी? एकदा तरी आपण आपली पट्टी लावली का?”

तांबडं पेननी हातातल्या पेनला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

मग माझ्याकडे. “आज का सांगितलंस?”

“त्यात एक माझी बहीण आहे.” हे सांगितल्याशिवाय चाललं नसतं. “ती उद्या बाराला कपाटांच्या दुकानात सही करणार आहे. तिला यातलं काही माहीत नाही.”

“बहीण नसती तर सांगितलं असतंस?”

मी विचार केला. खरंच केला. “माहीत नाही, बाई.”

“निदान हे तरी पूर्ण मापाचं उत्तर दिलंस,” म्हणाल्या. “उद्या सकाळी नऊला ये. नापास केलेल्या एकेचाळीस जणांना फोन लावायचे. तू लावायचेस. काय झालं ते सांगायचं, तुझ्या तोंडाने. आधी हे सहा. त्यांना सोमवारी थेट भेटायला बोलाव. बाकीच्यांना परत पेपर, मोठ्या कागदावर. तुझ्या नोकरीचं नंतर बघू.”

घरी आले तेव्हा ताई उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, “मलाही इस्त्री करून देशील?” तिने दिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नऊ वाजता यादी घेऊन बसले. सहांत ताईचा नंबर मी सहावा ठेवला.

पहिला माणूस आता विमा विकतो. सगळं ऐकून तो म्हणाला, “मी घरी जाऊन पट्टी फेकून दिली होती हो. वाटलं, आपल्याला मोजताच येत नाही.” मी माफी मागितली. त्याने विचारलं, “तुमचा विमा आहे का?” मग दोघंही हसलो. सोमवारी येतो म्हणाला.

दुसरी परदेशी गेली आहे. तिची आई म्हणाली, “इथे कुणी घेत नाही म्हणून गेली.” त्यांना नीट समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “सांगते तिला. बरं वाटेल.”

तिसरा मिनिटभर नुसता हसत होता. चौथीने फोन आपटला. पाचव्याने उचलला नाही.

साडेअकरा वाजले. मोठ्या बाई पलीकडच्या टेबलाशी काहीतरी वाचत असल्याचं दाखवत होत्या. मी नंबर फिरवला. तोंडपाठ आहे, तरी कागदात बघून फिरवला.

“हॅलो?” मागे रस्त्याचा आवाज. दुकानाच्या वाटेवरच असणार.

“नमस्कार मॅडम. मी आर्किटेक्टच्या ऑफिसातून बोलतेय. आपण आमच्याकडे नऊ तारखेला पेपर दिला होता.”

“बोला.”

“आपला पेपर चुकीच्या मापात छापला गेला होता. एकाहत्तर टक्के. छपाई करणारीची चूक. म्हणजे माझी. सात महिने चालू होती. आपण जे लिहिलं होतं ते बरोबर होतं, शब्द न् शब्द. मालकीणबाईंनी आपल्याला सोमवारी दहाला भेटायला बोलावलंय. आणि...” पुढचं कागदावर लिहून ठेवलं होतं, पण अक्षरं दिसेनात. “आणि मी हसले होते. तुमचा पेपर वाचून सगळे हसले तेव्हा मी पण हसले होते.”

रस्त्यावरून काहीतरी मोठं गेलं. मग ताई म्हणाली, “ठाऊक होतं मला.”

“हसले ते?”

“एकाहत्तर टक्के. मोठ्या कागदाची चौकट छोट्या कागदावर होती. कोपऱ्यात बारीक अक्षरात ए-थ्री लिहिलेलं होतं. कुणालाही कळेल. आणि छापणारी काचेपलीकडे उभी राहून जीभ काढत होती.”

“मग तुम्ही... आपण सांगितलं का नाही तेव्हाच? नुसतं ‘माप तपासा’ लिहून उठलात? तीन वर्षं कपाटं उघडणार होतात?”

“आमच्या घरी एक ब्याद आहे, मॅडम,” ताई म्हणाली. “तिच्या याआधी चार नोकऱ्या झाल्या. सगळ्यात लांब टिकली ती एकोणीस दिवस. या वेळी सात महिने झाले. हल्ली रोज जेवताना मशीनच्या गोष्टी सांगते. परवा कुणीतरी तिला अख्ख्या ऑफिससमोर चांगलं म्हणालं.”

मोठ्या बाईंनी कागद खाली ठेवला होता.

“हॅलो? सोमवारी दहाला म्हणालात ना?” ताईने विचारलं.

“हो.”

“येते. त्या दुकानात आता नाही म्हणून सांगते. आणि ऐका, रडत असाल तर आधी नाक पुसा. पुढच्या माणसाला ऐकू जातं.”

फोन ठेवला. यादीत अजून पस्तीस नावं होती. पुढचा नंबर फिरवायला मला वीस मिनिटं लागली.